कोणतं पुस्तक धरू, पंकजा?

कर्जत,
१८ जानेवारी २०२५

प्रिय पंकजा,

सप्रेम नमस्कार. तू आणि घरची सगळी खुशाल असाल. पस्तीस वर्षांनी माझं अक्षर बघून तुला काय वाटेल ठाऊक नाही. पाकीट उघडलंच आहेस, तर शेवटपर्यंत वाच एवढीच विनंती.

माझं ठीक चाललंय. मे महिन्यात ज्युनिअर कॉलेजातून निवृत्त झाले. हे गेले त्याला तीन वर्षं झाली. ओंकार हैदराबादला असतो, रविवारी फोन करतो. यंदा इकडे ज्वारी बरी आहे. दुपारी घर इतकं शांत असतं की कधी कधी मी मोठ्याने वाचते, कुणाचा तरी आवाज असावा म्हणून.

पत्राचं कारण असं की मी गणितातली आपली टोपॉलॉजी पहिल्यापासून शिकायला घेतली आहे, एकटीने. त्यासाठी तीन पुस्तकं जमवली आणि कोणतं धरावं ते कळेना. एक जाडजूड आहे. त्यात सगळं आहे, पण गणितांची उत्तरं नाहीत. दुसरं आपल्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला धरून आहे, पातळ, सगळ्या सिद्धता तयार. तिसऱ्यात फक्त व्याख्या आणि प्रमेयं आहेत, सिद्धता आपण करायच्या.

आधी पातळ घेतलं. दोन दिवसांत आठ पानं पाठ झाली. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना ती घडाघडा म्हणून बघितली. एक अक्षर समजलं नव्हतं. पूर्वीही मी असंच केलं होतं. पुस्तक कपाटात टाकलं आणि तिसरं काढलं.

त्यात एका प्रमेयावर तीन आठवडे अडले. कंटिन्युअस फंक्शनखाली कॉम्पॅक्ट सेटची इमेज कॉम्पॅक्ट असते, हे ते प्रमेय. हॉस्टेलच्या गच्चीवर तू मला समजावायचीस, की कितीही ओपन सेट अंथरून झाकलं तरी त्यातले मोजकेच पुरले, तर तो कॉम्पॅक्ट. मी मान हलवायचे. काल दुपारी उलगडलं. इमेजवरचं झाकण मागे ओढायचं, तिथले मोजके निवडायचे, पुन्हा पुढे न्यायचं. चार ओळी. मी उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. मग ओंकारला फोन लावला. तो म्हणाला, "आई, आता याचा काय उपयोग? कुठे तरी फिरून ये." त्याचंही चुकलं नाही. पण ज्या माणसाला हे सांगावं असं वाटलं ते एकच होतं, आणि त्याला सांगायचं तोंड मला नाही.

त्या चिठ्ठीवर हेच प्रमेय होतं, पंकजा.

भरारी पथक परीक्षेच्या हॉलच्या दारात आलं तेव्हा ती माझ्या मुठीत होती. मी हात खाली सोडला, ती तुझ्या बाकाखाली गेली. तू पेपर पूर्ण करून नुसती तपासत बसली होतीस. त्यांनी विचारलं, ही कुणाची? तू एकदा माझ्याकडे बघितलंस. मी लिहीत राहिले. लिहिण्यासारखं काहीच नव्हतं, तेच वाक्य मी चार वेळा लिहिलं. तू माझं नाव घेतलं नाहीस. तुला दोन वर्षं परीक्षेला बसू दिलं नाही, आणि त्याच उन्हाळ्यात तुझ्या वडिलांनी लग्न उरकलं. मला त्रेचाळीस मार्क पडले. त्यावर मी तीस वर्षं नोकरी केली.

मागच्या महिन्यात मी घोडेगावला आले होते. क्लासच्या पाटीवर तुझं नाव वाचून दारापर्यंत आले. आतून तुझा आवाज येत होता, वर्तुळाची स्पर्शिका शिकवत होतीस. ओट्यावर तुझ्या जाऊबाई शेंगा निवडत होत्या. त्यांनी बसायला सांगितलं. मी म्हटलं, बाई छान शिकवतात.

"व्हय, लई हुशार हाय," त्या म्हणाल्या. "पन कालेजात कॉपी करताना धरली हुती ना, म्हनून शिक्षान ऱ्हायलं. न्हाईतर मोठी म्याडम झाली असती."

कोण आलंय म्हणून सांगू, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही, पत्ता चुकले. एसटीत बसले आणि कर्जत येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून होते.

मला वाटत होतं, हे फक्त आपल्या दोघींत आहे. तुझ्या घरात ते अजून रोजच्या बोलण्यात असेल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

माफी मागत नाही, कारण दिलीस तर मला हलकं वाटेल आणि तुझं काहीच बदलणार नाही. मात्र हे पत्र तू लपवू नकोस. जाऊबाईंना वाचून दाखव, मुलांना दाखव, क्लासात शिकायला येणाऱ्यांच्या आईबापांना दाखव. कुणाला खरं वाटलं नाही, तर मला बोलाव. मी येईन आणि त्या ओट्यावर सगळ्यांसमोर उभी राहून सांगेन. या वेळी दारातून परतणार नाही.

पुस्तकाचं सुचलं तर कळव. नाही कळवलंस तरी तुझ्यावर काही बंधन नाही. सासरचं नाव या कागदावर घालत नाही, परीक्षेच्या हॉल तिकिटावर होतं तेच घालते.

चिठ्ठी माझी होती.

बेबीनंदा आबासाहेब लगड