ओल्या मातीत सुकलेली वांगी

शिराळा, गुरुवार, तिन्हीसांजा

सासूबाईंनी मेढ्याहून माहेरचं बी आणून वांग्याची रोपं केली, आणि मी काल त्या रोपांना युरियाचं पाणी दुप्पट कडक करून घातलं. सकाळी बघते तर माती ओली आणि पानं लोंबलेली! तहानली असतील म्हणून पुन्हा तेच घालायला निघाले, तर त्यांनी बादलीच धरली.

"आगं, कैरीला मीठ लावलं की पाणी सुटतंय न्हवं? तसंच मुळांचं झालंय. साधं पाणी सोड, लय सोड."

रागाचा एक शब्द नाही. पेशीतलं पाणी पडद्यातून खारट बाजूला धावतं, हे नववीला वर्षानुवर्षं शिकवणारी मी! ओल्या मातीत सुकलेली रोपं, तरी कळू नये?

आत्ता पानं पुन्हा उभी आहेत. उद्या फळ्यावर आकृती नाही. मीठ नेणार, कैरी नेणार, आणि आल्या तर सासूबाईंना.