शेवंतीचं वाण

८ डिसेंबर, रविवार

नक्षी नाही, व्हायरस! — क्षिप्रा म्हणाली. तेही माझ्या हातचं थालीपीठ खात!

पुतणी आहे, झाडांच्या रोगांवर पीएचडी करते, म्हणून ऐकून घेतलं. शाळा सोडताना सिस्टर लूसींनी दिलेली शेवंती. लग्नानंतर तिची काडी ओल्या रुमालात गुंडाळून नागपूरहून दिल्लीला आणली. गडद लाल पाकळीवर पांढऱ्या रेघा — अख्ख्या आर. के. पुरममध्ये अशी कुणाकडे नाही.

"काकू, या रेघा म्हणजेच आजार. म्हणून तर फुलं दरवर्षी लहान होताहेत. कात्री कशाने धुता?"

धुते? ओढणीला पुसते!

म्हणे एका झाडाचा रस कात्रीला, कात्रीचा दुसऱ्या झाडाला. आणि आजारी झाडाची काडी लावली की रोपही आजारीच. इलाज नाही. उपटायचं.

मी म्हटलं, सिस्टरकडेही अशीच रेघांची होती. मला स्वच्छ आठवतंय.

९ डिसेंबर

उपटणार नाही.

११ डिसेंबर

अरे देवा — गेली नऊ वर्षं संक्रांतीला मी हीच रोपं लुटतेय! बाकीच्या बायका प्लास्टिकचे डबे देतात. मी मोठ्या तोऱ्यात शेवंती!

विश्वास पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला. तू तर वाणातूनच लावलास!"

चाळीस वर्षं या माणसाबरोबर काढली.

१५ डिसेंबर, रविवार

शाळेत कन्फेशनला फक्त कॅथलिक मुली जायच्या. आम्हाला केवढा हेवा! आज सकाळपासून फोनवर तेच केलं — शेवंती उपटा, कात्री उकळा, मला माफ करा.

देविका : "अगं यार, ती कधीच गेली. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. त्या कुंडीत पुदिना आहे."

हेमांगी : "दिलेलं वाण परत घेतात होय गं?"

दुपारी माझ्या सातही कुंड्या उपटल्या. विश्वासनी पिशवी धरली. एकही विनोद केला नाही. म्हणून जास्तच रडू आलं.

१९ डिसेंबर

जुन्या शेजारणीशी, कल्पनाशी फोनवर बोलले. ती बारा वर्षांपूर्वीच फरीदाबादला गेली, माझ्या वाणातून वाचली! तरी मन मोकळं करायला सगळं सांगितलं. सिस्टरची आठवण संपली, म्हटलं.

ती म्हणाली, "रविवारी ये. एकटीच ये."

२२ डिसेंबर

कल्पनाची गच्ची. पाण्याच्या टाकीमागे अकरा कुंड्या.

"क्वार्टर सोडताना तुझ्या कुंडीतली काडी खुडली होती गं. चोरलेलं रोप चांगलं लागतं म्हणतात ना! तू आलीस की लपवायचे."

तळहाताएवढी फुलं. गडद लाल. रेघ म्हणून नाही.

सिस्टरकडे अशीच होती. आता स्वच्छ आठवतंय.