राज्य मार्ग आमच्या चौकातून सुरू होतो

४ तारीख, सोमवार

आज ऑफिसात ऑर्डर मिळाली. राज्य मार्ग सत्तेचाळीसच्या सगळ्या पाट्या नव्याने लावायच्या. सुरुवातीची, शेवटची आणि मधले सगळे किलोमीटरचे दगड. जबाबदारी माझी. ऑर्डर देताना साहेबांनी माझ्याकडे बघून उसासा टाकला. विश्वासाचा असणार.

सौ. अजून माहेरीच आहे. तिच्या वडिलांच्या पंच्याहत्तरीला आम्ही निघालो होतो. फाट्यावर ती म्हणाली, कुणाला तरी विचारा. मी म्हणालो, रस्त्याच्या खात्यात उभी हयात घालवलेल्या माणसाने रस्ता विचारायचा? पोचलो तेव्हा भाड्याच्या खुर्च्या टेम्पोत चढत होत्या. केक संपला होता. सासरे झोपले होते.

माझी चूक नव्हती. फाट्यावर पाटी नव्हती. (पाट्या लावणं माझ्याकडेच आहे, पण तो विषय वेगळा.)

सौ. तिथेच राहिली. म्हणाली, आयुष्यात एकदा तरी कुणाला काहीतरी विचारा, त्या दिवशी मी घरी येईन. दोन दिवसांत राग उतरेल. मी फोन करणार नाही.

रात्री चहा. साखर सापडली नाही. पहिल्या डब्यात मीठ निघालं, शोध थांबवला. साखर तशीही वाईटच.

५ तारीख, मंगळवार

बिनसाखरेचा चहा उत्तम लागतो. पूर्वीच सोडायला हवी होती.

साहेब म्हणाले, मार्ग कुठल्या टोकाला सुरू होतो ते रेकॉर्डमध्ये विचारून घ्या. मी मान डोलावली. विचारायचं काय त्यात? सकाळी मी उठतो, गॅलरीत येतो, समोर चौक, चौकातून रस्ता निघतो. म्हणजे सुरुवात इथे. आणि दुसरं टोक बरोबर सासऱ्यांच्या फाटकासमोर. तिथे तो संपतो. नाही संपला तर जाईल कुठे?

संध्याकाळी चहा पिता पिता (बिनसाखर) एकदम लख्ख प्लॅन सुचला. शेवटची पाटी थेट सासऱ्यांच्या दारात लावायची. भली मोठी. सौ. खिडकीतून बघेल. आपला नवरा काय चीज आहे हे तिला कळेल. रविवारपर्यंत ती घरात.

७ तारीख, गुरुवार

पेंटर आणि मी दगड रंगवायला घेतले. एक, दोन, तीन, आमच्या चौकापासून मोजत. पेंटरने दोनदा विचारलं, नंबर नक्की इकडूनच ना? या माणसात कॉन्फिडन्स म्हणून नाही.

शेवटच्या पाटीला काळी जाड चौकट काढायला सांगितली. त्याने भारदस्तपणा येतो. पेंटर म्हणाला, साहेब, काळी? मी म्हणालो, काळीच.

९ तारीख, शनिवार, सकाळी

‘राज्य मार्ग ४७ येथे सुरू’ चौकात उभी राहिली. पुष्कळ गाड्यांनी हॉर्न वाजवून मानवंदना दिली. टेम्पो रस्त्याच्या मधोमध उभा होता असं पेंटरचं म्हणणं. त्याला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवय आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी

‘राज्य मार्ग ४७ येथे समाप्त’ सासऱ्यांच्या फाटकासमोर लावली. त्यांच्या पलंगावरून थेट दिसेल अशा बेताने. ते परवाच दवाखान्यातून घरी आलेत, पडल्या पडल्या काहीतरी वाचायला हवंच. सौ. खिडकीत आली. पाटी बघितली. मला बघितलं. खिडकी लावून घेतली. भरून आलं असणार.

आत गेलो नाही. थोडा भाव खायला हवा.

१० तारीख, रविवार

सौ. आली नाही. बस चुकली असेल.

११ तारीख, सोमवार

मेहुण्याचा फोन. काल सकाळी म्हाताऱ्याने डोळे उघडले, समोर काळ्या चौकटीत ‘येथे समाप्त’. आधी वाटलं आपण गेलोच. मग चहा आला तेव्हा कळलं की अजून आहोत. तेव्हापासून ते वकिलाला बोलवा म्हणून बसलेत आणि मृत्युपत्रातून जावयाचं नाव काढा म्हणतायत. मेहुणा म्हणाला, नाव मुळात घातलेलंच नव्हतं, हे आम्ही बाबांना सांगितलेलं नाही.

मागून सौ.चा आवाज आला, फाटकासमोर लावण्याआधी घरात एकदा विचारलं असतं तर? मी फोन ठेवला. लाइन खराब होती.

१२ तारीख, मंगळवार

वाईट वाटलं. खरंच वाटलं. म्हातारा माणूस मला आवडतो. लग्नानंतर पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा मला खिडकीजवळची खुर्ची यांनीच दिली होती.

दुपारी उपाय सुचला. साधा आहे. पाट्यांची अदलाबदल करायची. ‘सुरू’ सासऱ्यांच्या दारात, ‘समाप्त’ आपल्या चौकात. हायवेला काय फरक पडतो? साहेबांना उगीच विचारून त्यांचं डोकं खायला नको.

१३ तारीख, बुधवार

अदलाबदल झाली. सासऱ्यांच्या समोर आता ‘येथे सुरू’. पेंटर सांगतो, म्हातारबुवा खुर्ची टाकून पाटीखाली बसलेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवतायत. सौ. मात्र बाहेर आली नाही.

आपल्या चौकात ‘सुरू’च्या जागी भली मोठी ‘समाप्त’ मावेना, म्हणून शेजारच्या डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर लावली. संध्याकाळी डॉक्टर स्वतः घरी आले. पेशंट पाटी वाचून परत फिरतात म्हणाले. मी म्हणालो, चौकट काळी आहे म्हणून वाटतं तसं. आता पाटी माझ्या गॅलरीसमोर सरकवली आहे. सकाळी उठलो की आधी तीच दिसणार. सवय होईल.

१५ तारीख, शुक्रवार

साहेब पाहणीला आले. दोन्ही पाट्या बघून खूश. म्हणाले, वा, रेकॉर्ड बघितलेलं दिसतंय. फाइलप्रमाणे मार्ग त्याच टोकाला सुरू होतो! म्हणजे सासऱ्यांच्या गावात. मी म्हणालो, हो तर, मला पहिल्यापासून माहीत होतं.

मग साहेबांनी दगड बघितले. सुरुवातीच्या पाटीशेजारी शेवटचा आकडा आणि शेवटच्या पाटीशेजारी एक. एका ड्रायव्हरने त्यांच्यासमोरच गाडी थांबवून विचारलं की हा रस्ता मागे जातो का. साहेबांनी मला बाजूला घेऊन शांतपणे विचारलं, हे करण्याआधी तुम्ही कुणाला विचारलं होतं?

मी पेंटरकडे बघितलं. पेंटर आकाशाकडे बघत होता.

मेमो मिळाला. सगळे दगड परत रंगवायचे. पेंटरबरोबर मीही जायचं, ब्रश धरून.

१८ तारीख, सोमवार

दगड. ऊन. टपरीवर चहा प्यायलो. टपरीवाल्याने न सांगता साखर घातलेली होती. दोन कप घेतले. औषध म्हणून.

पेंटर प्रत्येक दगडाशी थांबून मला विचारतो, साहेब, आता कुठला नंबर? आणि मी उत्तर दिलं की फाइलची झेरॉक्स खिशातून काढून पडताळून बघतो. विचारायला त्याला काही वाटतच नाही. त्याची बायको रोज दुपारी डबा घेऊन येते. त्याचा काही संबंध नसेल.

२० तारीख, बुधवार

घर फार शांत आहे. गॅलरीत गेलो की समोर ‘येथे समाप्त’. चौकट खरंच जरा जास्त काळी झाली आहे.

संध्याकाळी सहज फोन केला. मेहुण्याने उचलला, सौ.ला दिला. ती वाट बघत होती. मी म्हणालो, साखर कुठे आहे?

मग ती म्हणाली, ओट्यावर. मिठाच्या शेजारी. डब्यावर लिहिलंय. वर म्हणाली, म्हणजे इतके दिवस चहा कसा प्यायलात?

मी म्हणालो, मी साखर सोडलीये. ती म्हणाली, उद्या येते.

२१ तारीख, गुरुवार

आली. चौकात उतरली. पाटी थोडी वाकडी आहे म्हणाली.

मी तिला स्पष्ट केलं की काल मी काही विचारलं वगैरे नव्हतं, तिच्या लक्षात आहे का तेवढं तपासत होतो. तिने पिशवी खाली ठेवली नव्हतीच. ती तशीच दाराकडे वळली.

मी म्हणालो, थांबतेस का?

तिने मागे वळून बघितलं. म्हणाली, हे काय होतं? मी म्हणालो, विचारतोय.

तिने पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, आता चहा टाका. मला साखर दीड चमचा. ती दीड चमचा घेते हे मला ठाऊक नव्हतं. कधी विचारलं नव्हतं.

डबा मिठाच्या शेजारीच होता. वर ठसठशीत ‘साखर’. दारातून वाचता येतं. अक्षर आमच्या पेंटरपेक्षा चांगलं आहे.