मागच्या गल्लीतल्या कुंड्या

आई, तुझ्या कुंड्या रिकाम्या झाल्या. आधी हे सांगून टाकतो, कारण तुला पाल्हाळ खपायचा नाही आणि मला त्याशिवाय जमत नाही. मागच्या गल्लीत, भिंत आणि नाली यांच्या मधल्या पट्ट्यात तू मांडलेल्या त्या मातीच्या कुंड्या, ज्यांत आपल्या घरातलं भाजीचं देठ न् देठ जायचं आणि काळं खत होऊन बाहेर यायचं, त्या आता गेरूने रंगवल्या आहेत. त्यांवर पांढऱ्या अक्षरांत स्वच्छतेची घोषणा आहे. आत तुझं काही नाही. या शहरात आता स्वच्छ म्हणजे रिकामं.

तू एकही कुंडी कधी रिकामी सुरू केली नाहीस. ‘विरजणाशिवाय दही लागतं का?’ म्हणायचीस आणि जुन्या कुंडीतलं मूठभर नव्या कुंडीत घालायचीस. कॉलनीतल्या मराठी घरांत नवी सून आली की तू दोन वाट्या घेऊन निघायचीस, एकीत दह्याचं विरजण, दुसरीत खताचं. दह्याची वाटी हसत हसत आत जायची. खताची उंबऱ्याबाहेर वाळत पडायची. तू ती उचलायचीस आणि न रागावता पुढच्या घरी द्यायचीस. बाबा म्हणायचे, ‘कचऱ्याचा आहेर करणारी उज्जैनमधली एकमेव बाई आमच्याकडे आहे.’ स्वतःचं ताट त्यांनी जन्मात उचललं नाही, पण थट्टा मात्र वेळेवर करायचे. तो गुण माझ्यात उतरला आणि पुढे त्यावर माझं पोट भरलं.

टावर चौकातली ती संध्याकाळ आठवते. मी शाळकरी, गणवेशात. केळं खाऊन साल रस्त्यावर भिरकावतो आणि तू थांबतेस. ‘उचल.’ मी इकडेतिकडे बघतो. चाटवाला म्हणतो, ‘रहने दो बहनजी, गाय खा लेगी.’ तू तुझ्या त्या मराठी वळणाच्या हिंदीत म्हणतेस, ‘गाय से पूछा आपने?’ चाटवाला हसतो, गिऱ्हाइकं हसतात आणि मी ते साल खिशात घालून घरी येतो. पांढऱ्या सदऱ्यावरचा डाग पुढे गेला नाही. तूही तो काढायची फार खटपट केली नाहीस.

आणि क्षिप्रेचं. सगळा मुलूख आपली माणसं बोचक्यात बांधून इथे घाटावर आणतो आणि इथे जन्म काढलेली तू म्हणायचीस, ‘मला त्या पाण्यात सोडू नका. आधीच काय कमी सोडलंय लोकांनी त्यात? मला माझ्या कुंडीत घाला, दोडके तरी येतील.’ आम्ही हसायचो. तू गेलीस तेव्हा कुणीच हसलं नाही, पण कुणी ऐकलंही नाही. मामा म्हणाले, गुरुजी म्हणाले, शेजारचे म्हणाले, आणि तुला रामघाटावर नेलं. दोन पायऱ्या खाली प्लॅस्टिकच्या पिशवीसकट कुणाचं तरी निर्माल्य तरंगत होतं. तू त्याच्या शेजारून गेलीस.

त्यानंतर बाबा कुंड्यांपाशी जाऊ लागले. ज्यांनी कधी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नाही ते सकाळी सालांची परात घेऊन गल्लीत उतरायचे आणि कोपरापर्यंत हात घालून खत वरखाली करायचे. मला वाटलं, पश्चात्ताप असेल. नवऱ्यांना तो बायको गेल्यावरच परवडतो. मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग शेजारी, मग दिवस. दुपारी विचारायचे, ‘ही कुठे गेली?’ आम्ही सांगायचो आणि त्यांना ते दर वेळी नव्याने कळायचं, आई, दर वेळी नव्याने. माणसाने एकदा विधुर व्हावं. हे रोज व्हायचे. फक्त कुंडीत हात घातला की शांत. त्या वेळी कधीच विचारलं नाही, ही कुठे गेली.

यंदा शहराच्या स्वच्छतेची परीक्षा घ्यायला बाहेरून माणसं येणार, म्हणून कॉलनी समितीने रविवारी श्रमदान ठेवलं. सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट, टोप्या, हातमोजे, पाण्याच्या बाटल्या. श्रमदानानंतर थर्माकोलच्या ताटल्यांत पोहे-जलेबी. कचरा उचलायला निघालेल्या माणसांनी सोबत इतका कचरा आणलेला मी प्रथमच पाहिला. अध्यक्ष म्हणाले, ‘भाईसाहब, आप तो लेखक आदमी हैं, दो शब्द हो जाएँ.’ मला दोन शब्द कुठे पुरतात? मी घरातल्या ओल्या कचऱ्यावर बोललो. तुझ्यावर बोललो. दोन वाट्यांचा किस्सा सांगितला, लोक हसले, गायीचा सांगितला, टाळ्या पडल्या. आणि मी समोरच्या अंगणात तुझी थोरवी गात होतो तेव्हा मागच्या गल्लीत उत्साही मंडळी ‘अरे, इसमें तो कीड़े हैं’ म्हणत तुझ्या कुंड्या कचऱ्याच्या गाडीत उपड्या करत होती.

बाबा तिथेच होते. त्यांनी एका मुलीचा हात धरला. घाबरले की हल्ली त्यांची हिंदी पळून जाते, मराठी तेवढी उरते. ‘अहो, ती आत आहे,’ ते म्हणत राहिले, ‘ती आत आहे हो.’ मुलगी बिचारी चांगल्या घरची. म्हणाली, ‘हाँ अंकल, आप बैठिए, हम सब साफ कर देंगे.’ आणि केलं.

मी पोचलो तेव्हा कुंड्या धुऊन, रंगवायला पालथ्या घातल्या होत्या. बाबा नालीच्या कठड्यावर बसले होते. ‘ती आत होती,’ मला म्हणाले. मी म्हणालो, ‘बाबा, आई जाऊन वर्षं झाली.’ तेव्हा बायकोने मला बाजूला घेतलं.

‘अहो, ते खरं सांगताहेत.’

‘म्हणजे?’

‘अस्थी घरात ठेवत नाहीत म्हणून गडू मागे खिळ्याला टांगला होता ना? घाटावर जायच्या आधी मामंजींनी त्यातल्या मूठभर काढल्या. मी पाहिलं. म्हणाले, हिने सांगितलं होतं. तुम्हाला सांगू नको म्हणाले. तुम्ही त्यावर लिहाल म्हणून.’

लिहिलं असतं, आई.

मी ऑटो करून शहराबाहेर गेलो, जिथे सगळ्या गाड्या रिकाम्या होतात. डोंगर बघितलाय का तू कधी सालांचा? वाफ निघत होती त्यातून. फाटकावरच्या माणसाने विचारलं, ‘क्या गिर गया? चेन? लोग चेन ढूँढने ही आते हैं.’ काय सांगणार होतो? म्हणालो, ‘मिट्टी थी. काली मिट्टी.’ तो माझ्याकडे नीट बघत राहिला, प्यायलेला तर नाही ना म्हणून. ‘मिट्टी ही तो है सब,’ म्हणाला, ‘गर्मी बाद आना, खाद बन जाएगी, बोरी भर के ले जाना.’ मी थोडा वेळ त्या ढिगाभोवती फिरलो. पायाला काहीबाही लागत होतं. कुठलं तुझं, कुठलं अर्ध्या शहराचं, काही कळेना.

येताना नर्सरीतून खताची पोती घेतली. कुंड्या भरल्या, वर आदल्या दिवशीची सालं पसरली आणि बाबांना म्हणालो, ‘घ्या, परत आणलं.’ मला वाटलं, ते ओळखतील. वास घेतील, चिमटीत चोळतील आणि म्हणतील, हे तिचं नाही, आणि मग मी त्यांच्यासमोर बसून एकदाचं रडेन. त्यांनी कोपरापर्यंत हात घातला, डोळे मिटले आणि शांत झाले. त्यांना पटलं. आई, त्यांना पटलं. आता रोज सकाळी ते त्या विकतच्या मातीशी तुझ्याशी बोलावं तसं बोलतात आणि मी दारात उभा राहून ऐकतो. तू आता कुठेच उरली नाहीस आणि हे त्यांना ठाऊक नाही, यापलीकडे त्यांना सुख म्हणून मी काही देऊ शकलो नाही.

हे पत्र नदीत सोडावं तर तू रागावशील. फाडून कुंडीत घालावं तर तिथे तू नाहीस. म्हणून राहू दे माझ्याकडेच. आणखी एक, तेवढं सांगतो. काल बाबा दुपारी झोपले असताना मी गल्लीत गेलो आणि त्या कुंडीत हात घातला. पोती मीच उचलून आणली होती, त्यावरचं छापील लेबल मीच फाडून टाकलं होतं. तरी बराच वेळ मला हात बाहेर काढवला नाही.