नळीला घातलेलं खरकटं पाणी

माय, परवा लातुरात आम्ही हॅम लोकांचा मेळावा घेतला. हॅम म्हणजे घरी रेडिओ स्टेशन ठेवणारे हौशी. हा शब्द तुला कधी सांगितला नाही. तू शेजारणींना ‘त्याची खरखर चालू हाय’ एवढंच सांगायचीस. आता आमची खरखरही बदलली. बोलायचं नाही, तारवाल्यासारखी टकटक करायची नाही. लॅपटॉपवर अक्षरं टाइप करायची, तो त्यांचे शीळ घातल्यासारखे बारीक सूर करतो, रेडिओ ते हवेत सोडतो आणि तिकडचा लॅपटॉप त्या सुरांची पुन्हा अक्षरं करतो. मध्ये तार नाही, टॉवर नाही, इंटरनेट नाही. हे मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. मोटार वाइंडिंगच्या दुकानात बसून, पुस्तकं मागवून, चार सेट जाळून शिकलो. हे मी चारचौघांत जरा जास्तच सांगतो, तेही मला ठाऊक आहे.

जिल्हा नवा झाला तेव्हा बाबांची बदली निलंग्याहून लातूरच्या नव्या कचेरीत झाली. सरकारी पाट्यांचा रंग अजून ताजा होता तोवरच पावसानं पाठ फिरवली. आपली भाड्याची खोली, मागं परसात सगळ्यांची मिळून एक मोरी. मी मोरीच्या भिंतीपासून लिंबाच्या झाडापर्यंत तार ताणली आणि खाली जमिनीत लोखंडी नळी ठोकून तिच्याभोवती मीठ-कोळसा भरला. ह्यालाच अर्थिंग म्हणतात. रेडिओला वर जशी तार लागते तशी खाली ओली जमीनही लागते. जमीन सुकली की नळी नुसती नावाला उभी राहते. म्हणून एक दिवस मी घागरीत तांब्या बुडवला आणि नेऊन नळीवर ओतला.

तू चुलीपुढून बघत होतीस. “पेयाचं पाणी मातीत घालून राहिलास? आणायला तू गेलतास का हिरीवर?” तांब्या माझ्या हातातून ओढून घेतलास. मी ओलावा, वीज, जमीन असलं काहीतरी समजावायला लागलो, तर म्हणालीस, “मला शिकवू नको.” दुसऱ्या दिवशी भांडी घासून झाली आणि तू खरकट्या पाण्याची बादली उचललीस. ती रोज कडीपत्त्याला जायची. त्या दिवशी तू कडीपत्ता ओलांडून सरळ नळीपाशी गेलीस, अर्धी बादली ओतलीस आणि मागं वळून विचारलंस, “ह्यानं भागंल का?” भागणार होतं. राखेचं, मिठाचं पाणी, साध्यापेक्षा चांगलंच भागणार होतं. मग रोज तेच. कडीपत्ता त्या उन्हाळ्यात वाळला.

शेजारच्या मावशी ओट्यावरून विचारायच्या, “काय गं, नळीला पाणी घालून राहिली? फळं कवा लागत्याल?” आणि तू बादली उपडी करत, “लागली की पयली वाटी तुला.” पुढं माझं लायसन्स आलं, आणि माझ्या हाकेला पहिला जबाब बिदरहून आला. मी ओरडत स्वयंपाकघरात शिरलो. काय झालं ते तुला पुरतं कळलं नसेल, पण तू वाटीत गूळ-शेंगदाणे घेतलेस आणि मावशींच्या दारात जाऊन म्हणालीस, “घे. नळीला फळ लागलं.”

त्याच स्वयंपाकघरात बसून मी सेट दुरुस्त करायचो. एकदा चिडून दोन-तीन भाग एकदम बदलले, सेट सुरू झाला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद. तू आमटी ढवळत होतीस. “आमटी बिघडली तर मीठ आन् चिंच एकदम घालायची न्हाई बाबा. एक घाल, चाखून बघ, मंग दुसरं. न्हाईतर कशानं सुधारली ते कळंल कसं?” एका वेळी एकच बदल. दुकानात येणाऱ्या प्रत्येक पोराला मी हे सांगतो, माझाच शोध असल्यासारखं. तू भूकंपाच्या आधीच गेलीस, नाहीतर कधीतरी दुकानात येऊन मला सगळ्यांदेखत पकडलं असतंस.

तर परवाचं सांगतो. पुन्हा दुष्काळ आहे, आणि असा की लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं येतंय. लग्नं पुढं गेलेली, म्हणून आम्हाला मंगल कार्यालय मिळालं. नांदेड, उदगीर, सोलापूर, हैदराबादहून माणसं आली. ज्यानं त्यानं आपापली पाण्याची बाटली आणायची, हे आधीच कळवलेलं. लातूरहून नांदेडला इंटरनेटशिवाय निरोप जाऊन दाखवीन, असा शब्द मी दिला होता. तो गेला तर दोन्ही गावांत रोजचा संपर्क सुरू करायचं ठरणार होतं. नाही गेला तर वाइंडिंगवाला फार बोलतो, एवढंच ठरणार होतं. नांदेडकडचे माझे मित्र विष्णुपुरीत घरच्या गच्चीवर सेट लावून वाट बघत बसलेले.

आणि मी पाठवायचं बटण दाबतो की लॅपटॉप गोठतो. पुन्हा दाबतो, पुन्हा तेच. सेटच्या पत्र्याला बोट लागलं तर चटका बसतो. ओळखलं मी. आवारातली अर्थिंगची माती पापडासारखी तडकली होती. जमिनीत जायला हवी ती रेडिओची शक्ती केबलवरून उलटी लॅपटॉपमध्ये घुसत होती. हैदराबादचा एक इंजिनिअर मुलगा, स्वभावानं गोड, खिशातून काळी कडी काढून म्हणाला, “काका, ही फेराइटची कडी केबलवर चढवतो, उलटी येणारी शक्ती ती अडवते.” मी म्हणालो, “थांब. एका वेळी एकच बदल. आधी पाणी.”

पाण्याचा जग घेऊन मी आवारात गेलो. फाटकाशी टँकर उभा, बायकांची रांग लागलेली. वाकणार तोच रांगेतली एक म्हातारी ओरडली, “आरं ए, रेल्वेनं पाणी आलं म्हणून माजलाव का रं? मातीत घालून राहिलाव?” माय, हुबेहूब तुझा आवाज. मी जग तसाच परत आणला.

जेवणं झाली, बेसन-भाकरी आणि वांगं. मग मी जाहीर केलं, बेसिनकडं कुणी जायचं नाही, सगळ्यांनी हात अर्थिंगच्या खड्ड्यावर धुवायचे. आधी हसले, मग ओळ लागली. उदगीरचे प्राध्यापक धोतर सावरत विचारतात, “साबण लावू की नको?” “लावा सर, साबणाचं पाणी अजून बरं.” म्हातारी बघत होती. “आसं म्हण की,” म्हणाली, “थांब, माज्याकडं भांड्याचं हाय.” आणि खरंच समोरच्या घरातून अर्धी बादली घेऊन आली, आणि तुझ्यासारखीच एका झटक्यात उपडी केली.

बटण दाबलं. लॅपटॉप चालत राहिला. थोड्या वेळानं पडद्यावर रोमन अक्षरं एकेक करून उमटायला लागली: जेवण झालं का. इंजिनिअर मुलानं टाळी वाजवली. म्हातारी फाटकातून, “काय आलं?” “नांदेडहून विचारतेत, जेवण झालं का.” “मंग सांग की झालं म्हणून! आन् तिकडं पाणी हाय का इचार.” विचारलं. धरणाचा तळ दिसतोय, असं उत्तर आलं. ती बादली घेऊन गेली. रोजचा संपर्क मात्र ठरला. मी सगळ्यांसमोर तुझी गोष्ट सांगितली, नळीची, वाटीची. लोकांनी ती आनंदानं ऐकली, आणि मला बरं वाटलं.

हे टपालात पडायचं नाही, म्हणून पुढचं लिहितो. सगळे अजून बाहेर खड्ड्यापाशी होते तेव्हा मी मध्येच एकटा आत आलो. त्या मुलाची काळी कडी टेबलावर पडली होती. उगाच धोका नको म्हणून मी ती केबलवर चढवली. म्हणजे मीठ आणि चिंच एकदम. नंतर तीच कडी काढून पुन्हा एकदा पाठवलं असतं तर पाण्यानं चाललं की कडीनं, याचा निकाल लागला असता. माती ओली होती, वेळही होता. मी कडी काढली नाही, माय. मला चाखून बघायचंच नव्हतं.