बेडूक बोलेपर्यंत

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, व्यवसाय न घडलेल्या काळातल्या कादंबऱ्या लिहिणे, राहणार जिन्यालगतची खोली, तिसरा मजला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला पुतण्या मागच्या आठवड्यात आला होता. त्याला चहा पाजला आणि सही न देता जिना उतरवला. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी सगळे पुतण्याला दिले होते. ते रद्द समजावे. त्या वेळी दाखला घेतला नव्हता.

कलम एक. वसाहतीची जमीन. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस टेकडी, उत्तरेस शेजाऱ्याचे कुंपण, दक्षिणेस तळे, तळ्यासह. ही माझी स्वकष्टार्जित मिळकत असून तिच्यावर दुसऱ्या कोणाचाही हक्क नाही. आता ती अजून माझ्याच नावावर कशी, हे सांगणे भाग आहे.

माझ्या कादंबरीत तीनशे वर्षांनंतरचे एक गाव आहे. तिथे धूर नाही, कुंपण नाही, जमिनीला मालक नाही. गावाच्या तळ्यात बेडूक ओरडतात तोवरच कारभाऱ्याने कारभार करायचा. बेडूक गप्प झाले की त्याने खुर्ची सोडायची आणि ते पुन्हा बोलेपर्यंत गावाचे खड्डे, नाल्या, गाळ उपसायचा. हे सातवे प्रकरण. पुतण्याने पुस्तक वाचून नोकरी सोडली आणि माझ्या जमिनीवर तसेच गाव वसवले. मला आनंदाने झोप लागेना. वसाहतीच्या पहिल्या दिवशी मी जमिनीचे त्याच्या नावे बक्षीसपत्र करून घेऊन गेले. त्याने ते लोकांसमोर उंच धरले.

"आत्या, तुझ्या गावात मालकीच नाही, मग हा कागद कशाला?" असे म्हणून त्याने त्याचे चार तुकडे केले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मग त्याने सातव्या प्रकरणावर हात ठेवून कारभाऱ्याची शपथ घेतली. कागद फाडला की मालकी संपते, असे त्याला वाटले. कोणाची संपते, हे त्याने विचारले नाही.

ही संपूर्ण जमीन, तळ्यासह, मी खड्डेमास्तर यांना देते.

खड्डेमास्तर म्हणजे मूळचे गवंडी. वसाहतीत भिंती घालायला आले आणि दुपारच्या सुट्टीत पुस्तक वाचून माझ्याकडे आले.

"बाई, एक विचारू? तुमच्या गावात तीन हजार माणसं आहेत आणि संडास एकही नाही. जातात कुठे?"

मी पुस्तक पुन्हा चाळले. चारशे पानांत मी वारा, बी, चांदणे सगळे लिहिले होते, एवढेच राहिले होते. आणि पुतण्याने पुस्तकाबरहुकूम बांधले असल्याने वसाहतीतही एक नव्हता! पहिला आठवडा माणसे टेकडीमागे जात होती आणि एकमेकांकडे न बघता परत येत होती. मास्तरांनी जोडखड्ड्यांचे कोरडे संडास बांधले. एक भरायचा, दुसरा मुरायचा, वर्षाने काळेभोर सोनखत निघायचे. पाण्याचा थेंब नाही, तळ्याला धक्का नाही. माझे गाव खरे तर या माणसाने वसवले.

मग पाहुणे येऊ लागले. पाहुण्यांना वास आला. पुतण्याने चकचकीत फरशीचे, पाणी ओतायचे संडास केले, खड्डे बुजवले, मास्तरांना "आता तुमची गरज नाही" म्हणून सांगितले. नळी कुठे सोडली ते कोणाला सांगितले नाही. मला बेडकांनी सांगितले. त्या वर्षी ते बोललेच नाहीत. मी पुतण्याला हाताला धरून तळ्याकाठी नेले आणि शपथेची आठवण दिली.

"अगं, ते कादंबरीत ठीक आहे," तो म्हणाला. "आणि तुलाही आता इथलं झेपत नाही."

महिन्याभरात मी या तिसऱ्या मजल्यावर होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आता त्याला तळे बुजवून तिथे पाहुण्यांचा दिवाणखाना बांधायचा आहे आणि कचेरीत मालकाची सही मागतात. म्हणून आत्या आठवली. "मालक?" मी म्हटले, "तो कोण असतो रे?"

कलम दोन. पुस्तकाचे हक्क. तेही खड्डेमास्तरांना. पुढच्या आवृत्तीत संडासाचे प्रकरण घालावे. ते त्यांनी सांगितले, मी लिहून काढले आहे, टेबलाच्या खालच्या खणात आहे. पुतण्याची प्रस्तावना काढून टाकावी. तिच्यात 'मी' एकेचाळीस वेळा आहे, तळे एकदाही नाही.

कलम तीन. मला आयुष्यभर 'भाबडी' म्हणणारे समीक्षक. त्यांना माझा जुना चष्मा द्यावा. त्यांचे बरोबर होते, हे मी मेल्यावरच कबूल करते.

कलम चार. माझी लिहायची खुर्ची. माझ्या वसाहतीतल्या खोलीचे पुतण्याने 'लेखिकेचे दालन' केले आहे. मी एकदा न सांगता गेले. पाय दुखत होते म्हणून खुर्चीकडे वळले, तर दारावरची मुलगी धावत आली.

"आजी, दोरीच्या आत जायचं नाही. लेखिकेची खुर्ची आहे ती."

"लेखिका कुठे आहे?"

"त्या गेल्या वाटतं."

मी उभीच राहिले आणि उभीच परत आले. त्या दिवशीचा राग अजून उतरलेला नाही, उतरावा अशी इच्छाही नाही. ती दोरी कापावी, खुर्ची तळ्याकाठी ठेवावी आणि तिच्यावर खड्डेमास्तरांनी रोज संध्याकाळी बसावे.

कलम पाच. पुतण्या. त्याला मी लहानपणी आंघोळ घालताना या गावाच्या गोष्टी सांगितल्या, पुस्तक त्यातूनच झाले. म्हणून त्याला बेदखल करत नाही. वसाहतीतली एक मातीची खोली त्याला हयातभर राहायला मिळेल, मात्र त्याने घेतलेली शपथ त्याने पाळली तर. नळी त्याने स्वतःच्या हाताने उखडावी. बुजवलेले खड्डे पुन्हा खणावे, तळ्याचा गाळ उपसावा, खड्डेमास्तर सांगतील ते आणि तसे. मुदत मी ठरवत नाही, सातव्या प्रकरणाने ठरवली आहे. त्याला कबूल नसेल तर खोलीही मास्तरांची.

तळ्यात पहिला बेडूक बोलला की त्याची सुटका. ही बातमी त्याने मला येऊन सांगावी. मी नसेन, खुर्चीला सांगावी. बसून नव्हे, उभ्याने. त्या खुर्चीवर बसायची मनाई त्याचीच आहे.

अंमलबजावणी माझ्या वकीलबाईंनी करावी. त्या हे वाचून दोनदा हसल्या, कायद्यात बसते म्हणाल्या.

(सही) लेखिका, नात्याने आत्या

आम्हा दोघांसमक्ष तिने सही केली आणि तिच्यासमक्ष आम्ही:
१. (सही) दाखला देणारे डॉक्टर
२. (सही) तळमजल्यावरचे पुस्तकबांधणीवाले

ठिकाण: तिसरा मजला, दुसऱ्या खुर्चीला जागा नसलेली खोली
दिनांक: पुतण्या पुन्हा सहीसाठी येणार त्याच्या आदल्या दिवशी, सकाळी