आंबा पलीकडे झुकलाय

१४ जुलै, कर्जत
"झाड पडंल का ते मागनं बघ, आधी कुनीकडं पडंल ते बघ." बाबा म्हणायचे, मी परकरात असताना. बाबा लाकडाचे ठेकेदार, झाडं पाडायचे. मी झाडं तपासते. घर घेणाऱ्यांना आणि विमा कंपन्यांना सांगते, या झाडापासून घराला किती धोका. आज ते वाक्य दिवसभर डोक्यात.

चौक गावाच्या अलीकडे एक बंगला विक्रीला. स्कूटर गॅरेजात, म्हणून मंगेशच्या (दलाल) गाडीतून गेले. मागच्या कुंपणाला लागून थोराड रायवळ आंबा. हातोडीनं बुंधा ठोकला, आवाज भरीव. वर पानं हिरवीगार. पण बंगल्याच्या अंगाला पोहण्याचा तलाव खणलाय आणि त्या बाजूची मुळं सरळ तोडलीत. वर हिरवळ अंथरली. हिरवळ बाजूला केली तर मातीत भेग. बोट आत गेलं.

म्हणजे पलीकडे झुकलेल्या झाडाला मागून धरून ठेवणारं त्या बाजूला काही नाही. पडेल तो बंगल्यावर नाही, उलटीकडे.
मंगेश खूश. "बंगल्याला धोका नाय ना मॅडम? मग झालं की!"
उलटीकडे एक कौलारू घर आहे. फांद्या कौलांवर टेकल्यात. दोरीवर लंगोट वाळत होते.

१५ जुलै
अहवाल दिला. बंगल्याला धोका कमी. खरंच आहे ते. खाली चार ओळी जास्तीच्या: मागच्या घराला गंभीर धोका, माणसं हलवा, झाडाचा भार उतरवा.
मं.चा फोन. "ते खालचं काढा ना. विमा त्या घराचा थोडाच हाय?"
काढलं नाही.
घेणारे साहेब म्हणाले, खरेदीखत व्हायचंय, झाड अजून माझं नाही. विकणारा म्हणाला, मी इसार घेतलाय, आता नव्या मालकाला विचारा. ग्रामपंचायतीत अर्ज दिला. "बघतो."
आंबे लागले असते तर सगळ्यांचं असतं हे झाड.

१७ जुलै
मागच्या घरी गेले. स्कूटरवरून. कांताबाई, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, ताजी फुलं. लेक सोनल बाळंतपणाला आलीय. मुलगा. मागच्या खोलीत बाज, खाली शेगडी, ओव्याचा वास. बाळ मुठी आवळून झोपलेलं, आणि बरोबर त्याच्या डोक्यावर, कौलांपलीकडे, तो.

सगळं सांगितलं. कांताबाईंनी ऐकून घेतलं.
"माझ्या सासऱ्यानं लावलाय तो, तवा ती जागा आमचीच व्हती. इतकी वर्सं लोणचं खाल्लं त्याचं. तो माज्यावर पडंल व्हय?"
निदान पुढच्या खोलीत झोपा, म्हटलं.
"पुढं सारखा दरवाजा उघडा, वारा. ओली बाळंतीण हाय. तुमाला काय म्हाईत?"
मला काय माहीत. खरंय. आमच्या घरात पाळणा हलला नाही.
मग चहा पुढे सरकवत, हळूच: "त्या दिशी मंगेशच्या गाडीतनं उतरलात ना? बघितलं मी. तो दिवाळीपासनं मागं लागलाय, घर इका, घर इका. आता झाडाचं भ्या दावायला तुमाला धाडलंय."
मी उठायला लागले. चहा मात्र पूर्ण पिऊन यायला लावला.

१८ जुलै
मं.चा फोन. "म्हातारीशी बोललात म्हणं? लय भारी केलंत. एकदा घाबरली की इकंल."
फोन ठेवला. म्हणजे मी खरं बोलले तेही त्याच्याच कामी आलं.

२१ जुलै
पाऊस उघडत नाही. माती चिखल झालीय. भेगेत आता अख्खी मूठ जाते.
घटकाभर थांबला तेव्हा कुंपणापाशी सोनल दिसली. बाळ टोपड्यात गुंडाळलेलं. "ताई, रातचं करकरतंय गं काहीतरी."
आईला सांगितलंस?
"आई म्हणते, फांदी घासती कौलांना. आन तुझ्याबद्दल वायलंच बोलते."
काय बोलते ते विचारलं नाही. कुंपणावरून तिनं बाळ माझ्या हातात दिलं. थोडा वेळच. उचकी लागली होती त्याला. नाव अजून ठेवलेलं नाही.
वर पाहिलं तर वारा नव्हता आणि शेंडा हलत होता.

२२ जुलै
ग्रा.पं.: साहेब रजेवर.
मंगेशला सांगितलं, यापुढे तुझं काम करणार नाही. हसला. हे कांताबाईंना सांगून उपयोग नाही, तेही शिकवलेलं वाटेल.

२३ जुलै
माझ्या घरातली मागची खोली झाडली. आईची बाज बाहेर काढून पुसली. खिडकीच्या फटीत कापड कोंबलं, वारा येऊ नये. शेगडी आणली. ओवा आणला. हे सगळं करताना माहीत आहे, लेकीचं बाळंतपण कुणी परक्या घरी पाठवत नाही. त्यातून माझ्या.

तरी उद्या सकाळी जाणार. एकटीच. वाक्य लिहून ठेवते, तिथे गेल्यावर सुचणार नाही:

कांताबाई, घर विकू नका. कुणी कितीही भाव दिला तरी विकू नका. फक्त पाऊस सरेपर्यंत तुम्ही, सोनल आणि बाळ माझ्याकडे या.